नव्या इनॅमलवर पेपर मारला की गोळे, पॉलिश केलं की पंधरा दिवसांत मंद: दोन्हींचं मूळ एकच

दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, की आमच्या दर्यापूर भागात जुने ट्रॅक्टर आणि जीप रंगवायचे दिवस सुरू होतात. आणि माझ्याकडे तीच तक्रार फिरून फिरून येते. परवा अंजनगावकडचा एक पोरगा जुनी जीप घेऊन आला. म्हणाला, "काका, कलर तं वायला हाये, हाताले लागत नाही. पण पेपर मारला का गोयेच गोये निंघतात." खिशातून त्याने रंग घासायचा वापरलेला पेपर काढून दाखवला. काळ्या वॉटर पेपरवर हिरवे, मेणासारखे ठिपके घट्ट बसले होते. नखाने खरवडले तर शेवईसारखे लांबत सुटायचे. बॉनेटवर त्याच ठिपक्यांनी ओढलेल्या खोल रेघा.

दुसरी तक्रार पेपर नीट चालला त्यांची असते. घासलं, कंपाउंड (पॉलिशची बारीक घासणारी पेस्ट) मारलं, बॉनेटमध्ये तोंड दिसायला लागलं, फोटो काढले. पंधरा दिवसांनी तेच बॉनेट धुरकट. पुन्हा कंपाउंड, पुन्हा चमक, पुन्हा धुरकट. प्रत्येक फेरीत रंगाचा थर मात्र कमी होत जातो. शेवटी कोपऱ्यावर प्रायमर दिसतो आणि मग दोष कंपाउंडला दिला जातो, पेपरला दिला जातो, रंगाच्या दुकानदाराला दिला जातो.

पेपर बदलून हे सुटत नाही. कंपाउंड महागातलं आणूनही सुटत नाही. मी स्वतः तसे पैसे घालवले आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

रंग वाळला, पण पकला नाही

आपल्याकडचे पेंटर "कलर पकला नाही" म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. सिंथेटिक इनॅमलमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या ऑइल पेंटमध्ये, दोन वेगळ्या गोष्टी घडतात. आधी थिनर उडून जातो. याला काही तास लागतात, आणि हात लावल्यावर रंग कोरडा वाटतो तो यामुळे. दुसरी गोष्ट सावकाश चालते. इनॅमलचं राळ जवस, सोयाबीन अशा तेलांपासून बनलेलं असतं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे कण एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि थर कडक होतो. घरातल्या तेलाच्या डब्याच्या तोंडाशी तपकिरी, चिवट थर साचतो, जो पाण्याने निघत नाही, साबणानेही लवकर निघत नाही, तीच ही क्रिया. डब्यावर ती महिनोन् महिने चालते. रंगात कोबाल्टसारखे ड्रायर घातलेले असतात म्हणून काही आठवड्यांत होते.

ऑक्सिजन वरून आत जातो. त्यामुळे वरची साय आधी घट्ट होते आणि खालचा थर मऊ राहतो. थर जितका जाड तितका खालचा भाग उशिरा पकतो. आढीतला आंबा वरून पिवळा झाला म्हणून कोयीपाशी पिकला असं होत नाही, तसंच.

आता पेपर मारला की काय होतं बघा. पेपर वरची साय कापतो आणि खालच्या मऊ रंगात शिरतो. मऊ रंग कापला जात नाही, तो गुंडाळला जातो. तेच गोळे. आणि समजा वरची साय पुरेशी जाड होती, पेपर नीट चालला, पॉलिशही झालं. तरी खालून थिनर निघणं आणि थर आकसणं चालूच असतं. आरशासारखा सपाट केलेला पृष्ठभाग नंतर खाली बसतो, तेव्हा खालच्या पुट्टीवर आणि प्रायमरवर मारलेल्या पेपरच्या रेघा वर उमटतात. डोळ्याला ते धुरकट दिसतं. चमक कोणी चोरली नाही, तुम्ही सपाट केलेली जमीनच खचली.

माझ्याकडे हे असं झालं

आमच्याकडे वडिलांच्या काळातला महिंद्रा बी-२७५ आहे. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत १९६३ साली ट्रॅक्टरच्या कामाला हात घातला, त्या सुरुवातीच्या घराण्यातलं हे मॉडेल. वडील गेल्यावर तो गोठ्यामागे लिंबाखाली कित्येक वर्षं उभा होता. इंजिन खोललं, बसवलं, आणि पोळ्याला तो दारात उभा करायचा असं मनाने घेतलं. त्यामुळे रंग श्रावणात मारला. बाहेर झड लागलेली, आत टिनाच्या शेडमध्ये दमट हवा. दोन जाड हात मारले, कारण जाड थराने खड्डे झाकले जातील असं वाटलं. वर रात्री पाखरं चिकटू नयेत म्हणून ताडपत्री टाकली. सहाव्या दिवशी १५०० नंबरचा पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), सातव्या दिवशी कंपाउंड. पोळ्याला ट्रॅक्टर असा दिसला की आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

दसऱ्याला सोनं वाटायला लोक आले तोवर बॉनेट गुलाबीसर धुरकट झालं होतं. डाव्या मडगार्डवर ताडपत्रीच्या विणीचा छाप, अगदी चौकटी मोजता येतील असा. आठवड्याभराने उजव्या बाजूला बारीक फोड आले. मला तेव्हा ते फार लागलं.

त्या एका कामात चार चुका होत्या. दमट हवेत तेलकट रंग सावकाश पकतो. जाड थर त्याहून सावकाश पकतो. ताडपत्रीने थिनर आत कोंडला. आणि फोड कशाचे आले ते पुढे पाण्याच्या भागात सांगतो, कारण ते आपल्या भागाचं खास दुखणं आहे.

पकला की नाही, हे कसं ओळखायचं

दिवस मोजू नका. मी दिवस सांगेन, पण तुमच्या थराची जाडी आणि तुमच्या शेडची हवा मला माहीत नाही. रंगालाच विचारा.

पहिली परीक्षा नाकाची. सकाळी शेड उघडल्याबरोबर बॉनेटच्या आतल्या बाजूला नाक न्या. थिनरचा वास येतोय तोवर हात लावायचा नाही.

दुसरी नखाची. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत, नाही तर मडगार्डच्या खालच्या कडेला, जिथे कोणी बघणार नाही, अंगठ्याचं नख जोर देऊन दाबा. चंद्रकोर उमटली तर मऊ आहे. अंगठा दाबून पिळून बघा, रंग हलल्यासारखा वाटला किंवा ठसा राहिला तरी तेच.

तिसरी खरी. त्याच लपलेल्या जागी भिजवलेल्या १५०० च्या पेपरने दहा-बारा हात मारा आणि पाणी बघा. पकलेल्या रंगाचं पाणी दुधासारखं एकजीव निघतं, लाल रंग असेल तर गुलाबी दुधासारखं. बोटांत घेतलं तर गुळगुळीत लागतं. पाण्यात कण, वळ्या किंवा चिकट तुकडे दिसले तर पेपर धुऊन ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत या.

मी आता आणखी एक करतो. रंग मारतो त्याच दिवशी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, त्यावर तोच प्रायमर, तोच रंग, तेवढेच हात मारून गाडीशेजारी तारेला अडकवतो. सगळे प्रयोग त्या पत्र्यावर.

माझा अनुभव असा: फेब्रुवारीच्या मध्यात मारलेले तीन पातळ हात, हवेशीर शेडमध्ये, चार ते पाच आठवड्यांत घासण्याजोगे होतात. पावसाळ्यात त्याच कामाला दोन महिने धरा. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा बरी असते, पण मळणीयंत्राचा भुसा आणि कापसाचे तंतू गावभर उडत असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन पंचेचाळीसच्या घरात, पत्र्याला हात लावता येत नाही. तशा पत्र्यावर रंगाचा थेंब पसरायच्या आधीच आळतो, मग संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो, आणि वरची साय लगेच धरल्यामुळे खालचा थिनर बुडबुडे करून बाहेर पडतो. वर संध्याकाळचं वावधन, म्हणजे धुळीचं वादळ.

लवकर वाळावं म्हणून काही जण वेगळा ड्रायर जास्तीचा ओततात. तो वरची साय घट्ट करतो, खालचा रंग तसाच राहतो, आणि सुरकुत्या पडतात. डब्यात कंपनीने घातलेला पुरेसा असतो.

थिनर कोणता, हेही तितकंच महत्त्वाचं. इनॅमलला इनॅमलचाच थिनर. दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर स्वस्त आणि लवकर उडणारा म्हणून हातात देतात. अर्धवट पकलेल्या इनॅमलवर एनसी थिनरचा हात गेला की खालचा थर फुगून सुरकुततो, पेंटर ज्याला "कलर उठला" म्हणतात. दुसऱ्या हाताची वेळही डब्यावर लिहिलेली असते, ती पाळा. बहुतेक इनॅमलला दुसऱ्या दिवशी हात मारता येतो. तो दिवस चुकला तर पुरता पकेपर्यंत थांबणं बरं. मधल्या दिवसांत मारलेला हात बरेचदा उठतो.

खारपाणपट्ट्यातलं पाणी

ही गोष्ट कुठल्या कंपाउंडच्या डब्यावर लिहिलेली मला सापडली नाही, आणि पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत राहणाऱ्यांना ती कळलीच पाहिजे. आपलं बोअरचं पाणी खारं आहे. त्या पाण्याने पेपर मारला, गाडी तशीच वाळू दिली, की पाणी उडतं आणि मीठ राहतं. पॉलिशच्या वेळी राहिलं तर फक्त पांढरे डाग पडतात. पण प्रायमर घासून तुम्ही त्यावर रंग मारला असेल तर मीठ थराखाली बंद झालं. पावसाळ्यात बाहेरचा ओलावा रंगाच्या थरातून आत झिरपतो, मिठाकडे ओढला जातो आणि तिथे फोड येतो. माझ्या उजव्या मडगार्डचे फोड सुईने टोचून बघितले, आत थेंबभर पाणी होतं. त्या बाजूचा प्रायमर मी बोअरच्या पाण्याने घासला होता. डावी बाजू घासली तेव्हा वीज नव्हती म्हणून पन्हाळीखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी घेतलं होतं. तिथे एकही फोड नाही.

तेव्हापासून घासायला जारचं पाणी. वीस लिटरच्या एका जारमध्ये बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड आरामात होतात. पावसाचं साठवलेलं मिळालं तर फडक्यातून गाळून घ्या. बादली जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, एक खडा पेपरखाली आला तर अख्ख्या बॉनेटवर रेघ मारून जातो.

घासताना

इनॅमलचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा राहतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे तीन हात मारले तरी तुमच्याकडे एका केसापेक्षा थोडी जास्त जाडी आहे, आणि सगळं घासणं त्यातच बसवायचं आहे. हा हिशेब डोक्यात ठेवला की हात आपोआप हलका होतो.

पेपर आदल्या रात्री नाही तरी पंधरा मिनिटं भिजू द्या, पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब टाका. रबरी ठोकळ्यावर गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचा दाब पन्हाळीसारखा उमटतो आणि तो पॉलिश झाल्यावर दिसतो, आधी दिसत नाही. संत्र्याची साल जास्त असेल तरच १००० पासून सुरुवात. नाही तर १५००, मग २०००, मग २५००. प्रत्येक नंबरला दिशा बदला: एकदा उभं, एकदा आडवं. मागच्या नंबरच्या रेघा गेल्या की नाही ते त्यामुळे दिसतं.

दर थोड्या वेळाने पाणी काढून बघायला मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा वापरतो. बॉनेटवरून ओढला की पाणी सरकन निघतं आणि खालचा पृष्ठभाग क्षणात कोरडा दिसतो. मंद झालेल्या भागात चमकणारे ठिपके म्हणजे अजून खोलात राहिलेले खड्डे. बहुतेक ठिपके गेले की थांबा. शेवटचे दोन-चार ठिपके काढायच्या नादात सगळ्यात जास्त बॉनेटं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

बॉनेटची घडी, मडगार्डची कड, रिव्हेटची डोकी, यांवर मास्किंग टेप लावूनच घासायला बसा. कडेवर रंग मुळात पातळ बसतो आणि पेपरचा दाब तिथेच जास्त पडतो. पाणी लाल येतंय म्हणून घाबरू नका, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नाही म्हणजे रंगच कापला जाणार. लालात प्रायमरची राखाडी झाक दिसली की मात्र त्याच क्षणी हात उचला.

आणि घासून झालं की लगेच पॉलिशला बसू नका. गाडी सावलीत, मोकळ्या हवेत, झाकण न घालता आठ दिवस सोडा. वरची साय कापली गेल्यामुळे खाली राहिलेला थिनर आता सहज निघतो. हे आठ दिवस थांबायला लागल्यापासून माझ्याकडे चमक खाली बसल्याची तक्रार जवळजवळ आलेली नाही.

पॉलिश

खेड्यात सगळ्यात मोठं नुकसान ग्राइंडर करतो. चार इंची ग्राइंडरला लोकरीचा पॅड लावून लोक बॉनेटवर धरतात. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. इनॅमल गरम झालं की मऊ होतं, कंपाउंड त्यात रुततं आणि रंग फाटल्यासारखा ओढला जातो. वेग कमी करता येणारं बफिंग मशीन असेल तर हजार-बाराशे फेऱ्यांवर चालवा, मशीन सतत हलतं ठेवा, दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग एका वेळी घ्या. मधूनमधून पालथा हात लावून बघा. चहाच्या ग्लासाइतकं ऊन लागलं तर थांबा, दुसऱ्या बाजूला जा. मशीन नसेल तर हातानेही उत्तम होतं. जुन्या लुगड्याचा शिवण नसलेला तुकडा घ्या आणि सकाळी दहाच्या आत काम आटपा. जमिनीवर पडलेला पॅड किंवा फडका परत वापरायचा नाही, कितीही झटकला तरी.

कंपाउंडमधलं तेल बारीक रेघा भरून टाकतं आणि खोटी चमक देतं. म्हणून शेवटी बॉनेट लिक्विडच्या पाण्याने धुवा आणि मग बघा. धुतल्यावर जे दिसतं ते तुमचं खरं काम.

बिघडलंच असेल तर

मंद झालंय पण प्रायमर कुठे दिसत नाही, असं असेल तर सगळ्यात सोपं आहे. कंपाउंड बंद करा. ताडपत्री काढा. महिनाभर गाडी तशीच राहू द्या, मग नख लावून बघा आणि २००० पासून सुरू करा. बहुतेक गाड्या एवढ्यावर येतात. रेघा वरच्या आहेत की खालून उमटल्यात ते कळायला त्यावर पाणी टाका. वरच्या रेघा ओल्या झाल्या की नाहीशा होतात. खालून आलेल्या ओल्यातही तिरप्या उजेडात लाटेसारख्या दिसत राहतात. त्यांना कंपाउंड काही करणार नाही. रंग पुरता पकू द्यायचा, ८०० ने सपाट करायचा आणि त्याच डब्यातला एक पातळ हात मारायचा.

गोळे निघून खोल रेघा पडल्या असतील तर हाच उपाय. अंजनगावच्या त्या पोराला मी हेच सांगितलं, जीप महिनाभर उभी ठेव. तो नाराज झाला, वरात होती. पण त्या अवस्थेत आणखी काही केलं असतं तर रंग पत्र्यापर्यंत खरवडावा लागला असता.

प्रायमर उघडा पडला असेल तर तेवढ्याच जागी रंग लावून मिसळत नाही, इनॅमलमध्ये तो डाग कायम वेगळा दिसतो. घडीपासून घडीपर्यंत तो पूर्ण भाग रंगवा. फोडांना मात्र सवलत नाही. पत्र्यापर्यंत काढायचे, गोड्या पाण्याने धुवायचं, पुरतं कोरडं करून प्रायमरपासून सुरू करायचं.

ज्यांना आठवड्यात गाडी चकचकीत हवी आहे त्यांनी हार्डनरवाला दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्यावा, तो हवेची वाट बघत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला दुपट्टा बांधून तो रंग मारणारे पेंटर मी रोज पाहतो आणि मला त्यांची काळजी वाटते. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि तशी सोय जिथे आहे, तिथेच ते काम द्या.

पॉलिशनंतर दोन महिने तरी मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावू नका, रंगाला हवा लागू द्या. आणि घरात सगळ्यांना, मुख्य म्हणजे ड्रायव्हरला, सांगून ठेवा की डिझेलच्या फडक्याने बॉनेट पुसायचं नाही. संध्याकाळी पुसल्यावर ते छान काळंभोर चमकतं, म्हणूनच सगळे पुसतात. डिझेल नव्या इनॅमलला मऊ करतं आणि दुसऱ्या दिवशी वावरातली सगळी धूळ त्यावर चिकटते. ओलं सुती फडकं आणि जारमधलं उरलेलं पाणी, एवढंच.